दाखल्यावरचा टक्का आणि निवाड्यातली रक्कम

रस्ते अपघातात कायमचं अपंगत्व आलेल्या माणसाचा दाखला सिव्हिल हॉस्पिटलमधून हातात आला की घरचे आधी एकच ओळ शोधतात. ४० टक्के. मग वकिलाला पहिला प्रश्न असतो, "चाळीस टक्क्यांना किती मिळतात?"

या प्रश्नाला उत्तर नाही, कारण मोटार वाहन कायद्यात टक्क्यामागे अमुक रुपये असा दरच नाही. त्याच ४० टक्क्यांवर एकाला दहा लाख मिळतात, दुसऱ्याला तीस लाख. हा फरक न्यायाधीशांच्या मर्जीचा नसतो. कागदांवर काय लिहिलंय, डॉक्टरने साक्षीत काय सांगितलं आणि अर्जदाराने आपलं काम नेमकं काय होतं हे पटवून दिलं की नाही, यावर तो बराचसा ठरतो. या लेखात आपण तेच पाहू. उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत, पण कायदा आणि सर्वोच्च न्यायालयाचे निकाल देशभर तेच आहेत.

एकाच दुखापतीचे तीन टक्के

पहिला टक्का अवयवाचा. दाखल्यावर बहुतेक वेळा "उजव्या पायाच्या संदर्भात ४० टक्के" अशा अर्थाची ओळ असते. म्हणजे पूर्ण पाय १०० धरला तर त्यातला ४० टक्के उपयोग गेला.

दुसरा टक्का संपूर्ण शरीराचा. पाय हा शरीराचा एक भाग, त्यामुळे हा आकडा साहजिकच कमी येतो, कधी निम्मा तर कधी त्याहूनही कमी.

तिसरा टक्का कमाईच्या क्षमतेचा. या दुखापतीमुळे या माणसाची, त्याच्या धंद्यात, पोट भरण्याची ताकद किती गेली? भरपाईचा गुणाकार या तिसऱ्या टक्क्यावर होतो आणि हा आकडा कुठल्याच दाखल्यावर नसतो. तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, म्हणजे असे दावे चालवणारं खास न्यायालय, ठरवतं.

'राजकुमार विरुद्ध अजय कुमार' या ऑक्टोबर २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे फोड करून सांगितलं. त्यातलं उदाहरण समजायला सोपं आहे. डावा हात कापावा लागला तर शारीरिक अपंगत्व साधारण ६० टक्के धरलं जाईल. तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ १०० टक्के गेली. तोच सरकारी कार्यालयातला कारकून असेल आणि नोकरी चालू असेल, तर कमाईचं नुकसान ६० टक्क्यांच्याही बरंच खाली येईल. हात तोच आणि दाखलाही तोच, फक्त काम वेगळं.

म्हणून न्यायाधिकरणाने तीन गोष्टी बघायच्या असतात: या अपंगत्वानंतर माणूस काय करू शकतो आणि काय नाही, अपघाताआधी त्याचा धंदा आणि वय काय होतं, आणि आता त्याची कमाई पूर्ण बंद झाली, आधीचंच काम कमी वेगाने करता येतं की दुसरं एखादं हलकं काम करता येईल.

हे सूत्र खालच्या न्यायालयांत नेहमी नीट वापरलं जातं असं नाही. डेटा एंट्रीचं काम करणाऱ्या विशीतल्या एका तरुणाचा उजवा हात गेला. दाखला ८९ टक्क्यांचा होता. उच्च न्यायालयाने कमाईचं नुकसान ४५ टक्के धरलं, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ६५ टक्के केलं. दोन्ही हात निकामी झालेल्या एका सुताराचा ९० टक्क्यांचा दाखला २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कमाईच्या बाबतीत १०० टक्के धरला, कारण हातांशिवाय सुतारकी होत नाही. एवढी साधी गोष्ट सांगायला दिल्लीपर्यंत जावं लागलं.

हिशेब कसा मांडतात

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ३२ वर्षांचा गवंडी. टेम्पोने धडक दिली, उजव्या गुडघ्याखालचं हाड मोडलं, प्लेट बसवली, पण गुडघा पुरता वाकत नाही. महिन्याची कमाई १८,००० रुपये शाबीत झाली असं धरू.

वर्षाची कमाई २,१६,०००. त्यात पुढे वाढू शकणाऱ्या उत्पन्नाची भर घालतात. हे प्रमाण २०१७ च्या 'प्रणय सेठी' निकालाने ठरवून दिलंय: स्वतःचा धंदा किंवा ठरावीक पगार असेल तर ४० वर्षांखाली ४० टक्के, ४० ते ५० मध्ये २५ टक्के, ५० ते ६० मध्ये १० टक्के. कायम नोकरी असेल तर हेच आकडे ५०, ३० आणि १५ होतात. तो निकाल मृत्यूच्या प्रकरणातला होता. त्यामुळे जखमींना ही भर द्यायची नाही असा युक्तिवाद विमा कंपन्या करत. वर सांगितलेल्या डेटा एंट्रीच्या प्रकरणात तो फेटाळला गेला.

गवंड्याचे ८६,४०० मिळवून वर्षाचे ३,०२,४०० झाले. आता वयाचा गुणक. तो २००९ च्या 'सरला वर्मा' निकालातल्या तक्त्यातून येतो: १५ ते २५ वर्षांना १८, पुढे २६ ते ३० ला १७, ३१ ते ३५ ला १६, ३६ ते ४० ला १५, ४१ ते ४५ ला १४, ४६ ते ५० ला १३, ५१ ते ५५ ला ११, ५६ ते ६० ला ९, ६१ ते ६५ ला ७ आणि त्यावर ५. आपल्या माणसाला १६. गुणाकार ४८,३८,४००.

या रकमेला तिसरा टक्का लागतो. विमा कंपनी म्हणते, पायाचे ४० म्हणजे शरीराचे २०, तेवढेच धरा. म्हणजे ९,६७,६८०. न्यायाधिकरणाने फार विचार न करता दाखल्याचे ४० उचलले तर १९,३५,३६०. आणि परांचीवर चढता येत नाही, उकिडवं बसून फरशी लावता येत नाही, सिमेंटची गोणी उचलून चालता येत नाही हे पुराव्यात नीट आलं आणि ७० टक्के धरले गेले, तर ३३,८६,८८०.

अपघात, पाय आणि दाखला तेच असताना हा चोवीस लाखांचा फरक पडतो. तो वकिलाच्या भाषणाने पडत नाही. अर्जदाराच्या सरतपासाच्या प्रतिज्ञापत्रात (शपथेवर दिलेल्या लेखी साक्षीत) "मला काम करता येत नाही" एवढंच लिहिलं की उलटतपासात प्रश्न येतो, "आज कोर्टात चालत आलात ना?" उत्तर "हो" आलं की कंपनीचं काम झालं. त्याऐवजी काम कसं चालायचं, दिवसात किती वेळा शिडी चढावी लागे, त्यातलं आता काय होत नाही, हे तपशिलाने लिहिलेलं असलं आणि ज्याच्याकडे काम केलं तो ठेकेदार साक्षीला आला, तर चालत येण्याला फारसा अर्थ उरत नाही.

जखमी जिवंत असेल तर स्वतःच्या खर्चापोटी एक तृतीयांश वजावट करायची नसते. ती फक्त मृत्यूच्या दाव्यात होते. तरी अधूनमधून निवाड्यांत ही चूक दिसते, तेव्हा हिशेब स्वतः तपासून बघावा.

कमाईचा पुरावा ही असंघटित कामगारांची मोठी अडचण. पगारपत्रक नाही, आयकर विवरण नाही. असा कागद नसला म्हणून उत्पन्न शून्य होत नाही. किमान वेतनाचा दर हा आधार घेता येतो आणि तोसुद्धा शेवटचा शब्द नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय. पण उदाहरणातली कमाई १८,००० ऐवजी १२,००० धरली गेली तर ४० टक्क्यांवरची रक्कम १९,३५,३६० वरून १२,९०,२४० वर येते. म्हणून बँकेचं पासबुक, ठेकेदाराची हजेरी वही, फोनवरून आलेल्या पैशांच्या नोंदी, बांधकाम कामगार मंडळाचं नोंदणी कार्ड, जे असेल ते जोडावं. गृहिणीच्या घरकामालाही उत्पन्न धरलं जातं. लहान मुलाच्या बाबतीत कुशल कामगाराचं किमान वेतन धरावं असा निकाल २०२५ मध्ये झाला आहे.

कमाईपलीकडचे रकाने

कमाईच्या नुकसानाखेरीज औषधोपचार, बिछान्यावर असतानाची बुडालेली मजुरी, येण्याजाण्याचा आणि आहाराचा खर्च, मदतनीस, वेदना, आयुष्यातल्या सुखसोयींना मुकणं, लग्न जमण्यातली अडचण असे रकाने असतात. किरकोळ दुखापतीत यातले मोजकेच मिळतात. गंभीर अपंगत्वात सगळे मागता येतात.

यात सगळ्यात जास्त दुर्लक्ष पुढच्या खर्चाकडे होतं. निवाडा एकदाच होतो. पाच वर्षांनी कृत्रिम पाय बदलावा लागला म्हणून पुन्हा दावा करता येत नाही. त्यामुळे पायाची किंमत, तो किती वर्षांनी बदलावा लागतो आणि दुरुस्तीला किती लागतात याचं लेखी कोटेशन कृत्रिम अवयव बनवणाऱ्याकडून आत्ताच घेऊन दाखल करावं, आणि ते देणाऱ्याला साक्षीला बोलवावं. आतल्या प्लेट-रॉड काढण्याची शस्त्रक्रिया राहिली असेल तर तिचा अंदाजही डॉक्टरकडून लेखी घ्यावा. नुसतं "भविष्यातील खर्च २ लाख" असं अर्जात लिहिलं तर निवाड्यात वीस-पंचवीस हजारांवर बोळवण होते.

मदतनिसाचं तसंच. मेंदूला मार लागून १०० टक्के अपंगत्व आलेल्या १२ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन मदतनिसांचे दरमहा प्रत्येकी ५,००० धरून १८ चा गुणक लावला. नुसत्या त्या रकान्याचे २१,६०,००० झाले. घरचेच सगळं करतात म्हणून हा रकाना रिकामा सोडू नये. आई मुलाची सेवा फुकट करते याचा फायदा धडक देणाऱ्याला मिळण्याचं कारण नाही.

मेडिक्लेममधून बिलं भागली असतील तर कंपनी ती रक्कम वजा करायला सांगते. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये ठरवलं की मेडिक्लेमचे पैसे वजा होणार नाहीत, कारण ते माणसाने स्वतः भरलेल्या हप्त्यांचं फळ आहे. अडचण एवढीच की मूळ बिलं मेडिक्लेमकडे गेलेली असतात. ती देण्याआधी झेरॉक्स काढाव्या आणि नंतर त्या कंपनीकडून शिक्का मारलेल्या प्रती मागाव्या. मेडिकलच्या दुकानाची बिलं रुग्णाच्या नावाची आणि तारखेची हवीत. "कॅश" लिहिलेल्या बिलाला उलटतपासात फार वेळ टिकता येत नाही.

केस पेपरवरची एक ओळ

अनेक दावे न्यायाधिकरणात नाही, तर अपघाताच्या रात्री अपघात विभागाच्या टेबलावर बिघडतात. शुद्ध हरपलेल्या माणसाला कुणीतरी रिक्षात घालून आणतं. डॉक्टर विचारतात, काय झालं? आणणारा म्हणतो, गाडीवरून पडला. केस पेपरवर "बाइकवरून पडल्याचा इतिहास" अशी नोंद होते. तीन वर्षांनी विमा कंपनी तोच कागद पुढे करते: हा स्वतः घसरून पडला, आमच्या गाडीचा संबंध नाही. "तोंडाला दारूचा वास" ही नोंद तर त्याहून महाग पडते.

म्हणून नातेवाइकाने पहिल्या दिवशीच केस पेपरवर काय लिहिलंय ते बघावं. चूक असेल तर त्याच रुग्णालयाला लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी आणि पोलिसांनी एमएलसीवरून (रुग्णालयाने पोलिसांना कळवलेल्या वैद्यकीय-कायदेशीर नोंदीवरून) जबाब घेतला की त्यात धडक देणाऱ्या वाहनाचा उल्लेख येईल हे पाहावं. फिर्याद उशिरा दिली म्हणून दावा आपोआप खोटा ठरत नाही, माणूस आधी जीव वाचवेल हे न्यायालयांना कळतं. पण उशिराचं कारण फिर्यादीत लिहिलेलं हवं.

पोलीस ठाण्यातून फिर्याद, घटनास्थळ पंचनामा, वाहन पंचनामा, जखमीचा जबाब आणि दोषारोपपत्राच्या सहीशिक्क्याच्या प्रती घ्याव्यात. महाराष्ट्रात पोलीस 'एए फॉर्म' देतात. त्यात वाहन, मालक, चालक, परवाना आणि विमा पॉलिसी यांची माहिती एका जागी असते. पॉलिसी नंबर आणि तिची मुदत तिथे नीट आली आहे का ते आधी तपासा. तो आकडा चुकला की कंपनी "आमची पॉलिसीच नाही" म्हणून लेखी म्हणणं देते आणि वर्षभर त्यातच जातं.

१ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार तपासणी अंमलदाराने ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा असतो. जखमीने आपली माहिती पोलिसांना ६० दिवसांत द्यायची, आणि सविस्तर अहवाल मिळाल्यावर कंपनीने ३० दिवसांत देकार, म्हणजे भरपाईच्या रकमेचा प्रस्ताव, द्यायचा. कागदावर व्यवस्था चांगली आहे. प्रत्यक्षात ती किती पाळली जाते हे त्या त्या पोलीस ठाण्यावर अवलंबून.

सहा महिन्यांचा पेच

पूर्वी दाव्याला मुदतच नव्हती. १ एप्रिल २०२२ नंतरच्या अपघातांना मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) प्रमाणे ६ महिन्यांची मुदत आली. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की केवळ मुदत टळली म्हणून दावे फेटाळू नयेत. तरी अंतरिम आदेशावर विसंबून बसण्यात शहाणपण नाही. सहा महिन्यांच्या आतच दाखल करावा.

पेच असा, की कायमच्या अपंगत्वाचा दाखला उपचार संपून प्रकृती स्थिरावल्यावरच मिळतो. हाड जुळायलाच सहा महिने जातात. "दाखला आला की दावा करू" म्हणत बरेच जण मुदत घालवतात. दाव्यासाठी दाखला आधी लागत नाही. अर्जात दुखापती, शस्त्रक्रिया आणि संभाव्य कायमचं अपंगत्व लिहून दावा दाखल करायचा, दाखला आल्यावर यादीसोबत जोडायचा. मागणीची रक्कम अंदाजे टाकली तरी चालते. पुराव्यावरून जास्त निघाली तर मागितल्यापेक्षा जास्त देण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे.

दावा अपघाताच्या ठिकाणी, स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात किंवा सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध दावा आहे ते) जिथे राहतात तिथे करता येतो. नाशिकच्या माणसाला सोलापूर रस्त्यावर धडक बसली तर त्याने व्हीलचेअर घेऊन सोलापूरच्या तारखा करण्याची गरज नाही. चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांनाही सामनेवाले करावं. एसटीची बस असेल तर महामंडळाला. मेंदूच्या इजेमुळे अर्जदाराला स्वतःला काही कळत नसेल तर घरच्या माणसाला वादमित्र म्हणून दावा चालवता येतो.

इथे एक सापळा आहे. कलम १६४ खाली चूक कोणाची हे न बघता गंभीर दुखापतीला २.५ लाख आणि मृत्यूला ५ लाख मिळतात. सोपं वाटतं. पण विमा कंपनीचा हा देकार ठरलेल्या पद्धतीने स्वीकारला की कलम १६६ चा दावा संपतो. बोट मोडलेल्या माणसाला ते परवडेल. पाय गेलेल्याने सही करण्याआधी वरचा हिशेब एकदा मांडून बघावा.

डॉक्टर साक्षीला येत नाहीत तेव्हा

दाखला नुसता दाखल केला म्हणजे शाबीत होत नाही. तो देणाऱ्या किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरने साक्ष द्यावी लागते. उपचार न करता सर्रास दाखले देणारे आणि सगळ्या दाव्यांत साक्षीला येणारे डॉक्टर असतात हे न्यायाधीशांना माहीत असतं. राजकुमार निकालातच अशा तयार दाखल्यांपासून सावध राहायला सांगितलंय. म्हणून पहिली पसंती शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला, नाहीतर शासकीय मंडळाच्या डॉक्टरला. काही शासकीय दाखल्यांवर न्यायालयीन कामासाठी वैध नसल्याचा शेराच छापलेला असतो. तसा असेल तर त्यावर विसंबू नये. न्यायाधिकरणाकडे अर्ज करून वैद्यकीय मंडळाकडे तपासणीला पाठवण्याची मागणी करता येते.

डॉक्टरला न्यायाधिकरणामार्फत समन्स काढावं. त्यांना वेळ नसतो आणि दिवसभर बाकावर बसवलं तर पुढच्या वेळी ते येत नाहीत, म्हणून ठरावीक वेळ देण्याची किंवा कोर्ट कमिशनरमार्फत रुग्णालयातच साक्ष नोंदवण्याची विनंती करावी. ही मुभाही त्याच निकालाने दिली आहे.

कंपनीच्या वकिलाचे प्रश्न ठरलेले असतात. तुम्ही स्वतः उपचार केले का? दाखला देताना नवा एक्स-रे काढला का? टक्केवारी कोणत्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे काढली? ती पूर्ण शरीराची आहे का? फिजिओथेरपीने सुधारणा होऊ शकते का? यांची उत्तरं गुडघा किती अंशांत वाकतो, पाय किती सेंटिमीटर आखूड झाला, स्नायूंची ताकद किती उरली अशा मोजमापांनी दिली तर साक्ष टिकते. कमाई किती टक्के गेली हे मात्र डॉक्टरला विचारायचं नाही. डॉक्टरने शरीर काय करू शकत नाही ते सांगायचं, धंद्याचं नुकसान न्यायाधिकरण ठरवेल.

सरकारी किंवा महामंडळाच्या नोकरीतल्या माणसाची अडचण उलटी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० प्रमाणे नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं. हे संरक्षण मोलाचं आहे. पण मग कंपनी म्हणते, पगार चालू आहे, नुकसान कसलं? अशा वेळी बंद झालेला ओव्हरटाइम आणि भत्ते, अडलेली पदोन्नती, निवृत्तीनंतर काही जोडधंदा करण्याची गेलेली संधी, हे आस्थापना विभागाच्या कागदांनी दाखवावं लागतं. सुखसोयींना मुकण्याचा रकानाही इथे जास्त जोर देऊन मागावा.

कंपनीचे नेहमीचे बचाव

चालकाकडे परवाना नव्हता किंवा तो संपलेला होता, हा पहिला. अपघातग्रस्त तिऱ्हाईत असेल तर बहुतेक वेळा न्यायाधिकरण कंपनीला आधी भरायला आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतं. पॉलिसीच नसेल तर मात्र मालकाच्या मागे धावण्याखेरीज पर्याय नाही.

दुसरा, जखमीचीही चूक होती. ती शाबीत झाली तर तेवढे टक्के कापले जातात. पण ट्रिपल सीट होता किंवा त्याच्याकडे स्वतःचा परवाना नव्हता एवढ्यावरून कपात होत नाही, त्या गोष्टीमुळे अपघात घडला हे दाखवावं लागतं. घटनास्थळ पंचनाम्यातला नकाशा इथे निर्णायक असतो: गाड्या कोणत्या बाजूला होत्या, ब्रेकच्या खुणा किती लांब. फौजदारी खटल्यात चालक सुटला तरी दावा बुडत नाही, कारण इथे संशयापलीकडचा पुरावा लागत नाही.

तिसरा बचाव पॉलिसीच्या प्रकाराचा. मागे बसलेल्याने आपल्याच गाडीच्या पॉलिसीवर दावा केला आणि ती फक्त थर्ड पार्टी असेल तर कंपनी हात वर करते. पॅकेज पॉलिसीत तो सामावलेला असतो.

स्वतःच घसरून पडलेल्या गाडीमालकाला थर्ड पार्टीचे पैसे मिळत नाहीत. त्याच्यासाठी १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं. मृत्यू किंवा पूर्ण कायमचं अपंगत्व आलं तर पूर्ण रक्कम, एक हात किंवा एक पाय गेला तर निम्मी. गुडघा आखडला तर काहीच नाही. धडक देणारी गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर गंभीर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यूला २ लाख. त्याचा अर्ज प्रांत किंवा तहसीलदार पातळीवरच्या चौकशी अधिकाऱ्याकडे होतो, मंजुरी जिल्हाधिकारी देतात. मे २०२५ पासून अपघातानंतरच्या ७ दिवसांसाठी दीड लाखापर्यंत विनारोकड उपचारांची योजनाही आहे, ठरवून दिलेल्या रुग्णालयांत.

वकील, तडजोड आणि पैसे हातात येणं

अपंग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ मध्ये आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच त्याचं कार्यालय असतं. खासगी वकील लावला तर लक्षात ठेवा, निवाड्याच्या रकमेत टक्केवारी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांना धरून नाही. रुग्णालयाच्या खाटेपाशी येऊन कोऱ्या वकालतनाम्यावर सही मागणारे एजंट तर दारातूनच परत पाठवावेत.

लोकअदालतीत तडजोड झाली की त्यावर अपील नाही. पैसे लवकर मिळतात हे खरं, आणि पाच वर्षं थांबण्यापेक्षा थोडं कमी घेणं अनेकांना परवडतं. पण दाखला यायच्या आधी आणि कृत्रिम अवयवाचा खर्च कळायच्या आधी तडजोड करू नये. देकार व्याजासकट आहे की व्याज वेगळं, हे लेखी घ्यावं. दावा चार वर्षं चाललेला असेल तर ७ टक्क्यांनी हाच फरक रकमेच्या पाव हिश्श्याच्याही पुढे, २८ टक्क्यांवर जातो.

निवाड्यावर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं, वादाची रक्कम एक लाखाच्या आत असेल तर नाही. कंपनीने अपील केलं आणि रक्कम जमा केली तर त्यातला काही भाग काढून घेण्याचा अर्ज लगेच द्यावा, अपिलाचा निकाल लागेपर्यंत थांबायची गरज नाही. रक्कमच भरली नाही तर दरखास्त (निवाड्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करायची. कलम १७४ प्रमाणे न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना वसुलीचा दाखला देऊ शकतं आणि मग ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते.

रकमेचा मोठा भाग बऱ्याचदा मुदत ठेवीत ठेवायचा आदेश असतो. शस्त्रक्रिया, कृत्रिम अवयव किंवा व्हीलचेअर जाईल असा दरवाजा आणि संडास बांधून घेणं यासाठी ठेव मुदतीआधी मोडायची असेल तर बँकेत भांडून उपयोग नाही. अंदाजपत्रक जोडून न्यायाधिकरणाकडेच अर्ज करावा लागतो. दावा दाखल करतानाच आधार, पॅन आणि स्वतःच्या नावाच्या बँक खात्याच्या पासबुकाची प्रत जोडलेली असेल तर रक्कम थेट खात्यात वर्ग व्हायला सोपं जातं. संयुक्त खातं देऊ नये, आणि सही करता येत नसेल तर अंगठ्याचं खातं आधीच उघडून ठेवावं.